अंगातली पेशी

शेजारची पोरगी नर्सिंगची परीक्षा देते आहे. अंगणात वाळत घातलेलं धान पायानं पसरवत ती मोठ्यानं वाचते, प्रत्येक वाक्य तीनदा. पहिल्यांदा "पेशी, पेशी" ऐकून मी विचारलं होतं, "काहून वो, कोणाची पेशी हाये कोर्टात?"

"आबाजी, अंगातली पेशी!" पोरगी म्हणाली. माझी बायको पोट धरून हसली होती.

बायको गेल्यापासून पोरगी एक वाक्य गाळते. आधी ऐकून ऐकून मला ते पाठ झालं आहे. काल मी म्हटलं, "जुन्या पेशी मरतात, हे कायले सोडून राहिली? मार्क जातील ना!"

ती मान खाली घालून वाचू लागली, "जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात."

"हे नव्याचं खोटं हाये," मी म्हणालो.

तिनं पुस्तक मिटलं. "आबाजी, ते अंगातलं हाये. घरातलं नाई."