बगळे, बिल्ले आणि मोठी डिस्क

भरतकामवाल्या बाई मुळात शांत स्वभावाच्या. निम्मं आयुष्य त्यांनी हातात सुई धरून काढलं. डोळे दगा देऊ लागले तेव्हा हाय न खाता, पन्नाशीला टेकलेल्या असताना, कॉम्प्युटर शिकल्या आणि भरतकामाचं यंत्र घेतलं. कारखान्यांच्या, दवाखान्यांच्या गणवेशांवरचे बिल्ले त्यांच्या मागच्या खोलीतून तयार होऊन जात. दोऱ्याचा कितीही गुंता होवो, बाई तो सोडवत बसायच्या, पण तोडायच्या नाहीत. अशा बाईंना त्या आठवड्यात शेजारच्यांनी पहिल्यांदा ओरडताना ऐकलं.

कॉम्प्युटर एकच, पण त्याच्या डिस्कचे दोन भाग केलेले. एकात विंडोज, कारण भरतकामाचं सॉफ्टवेअर तिथेच चालायचं. दुसऱ्यात लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली प्रणाली, धाकट्या दिराने नवऱ्यासाठी घातलेली. नवरा निवृत्त झाल्यापासून पक्ष्यांचे फोटो काढायचा. कॉम्प्युटर सुरू केला की मेनू यायचा आणि ज्याला जे हवं ते त्याने निवडायचं.

दवाखान्याच्या कोटांचं डिझाइन सेव्ह करताना पडद्यावर आलं, की डिस्कवर जागा नाही.

"तुमच्या बगळ्यांनी माझी जागा खाल्ली," बाई म्हणाल्या.

"माझे बगळे माझ्या भागात आहेत," नवरा म्हणाला. "तेही दाटीवाटीनं."

दिराला फोन गेला. "चुटकीसरशी होईल, वहिनी," तो म्हणाला. "मोठी डिस्क आणून ठेवा. जुनीतलं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवतो."

तो आला, नवी डिस्क जोडली, नक्कल सुरू केली. चुटकी संपेपर्यंत दुपार गेली. "झालं!" म्हणून तो चपला घालून निघूनही गेला. बाईंनी हुश्श करून किरकोळ बिल्ल्यांपासून काम सुरू केलं, आणि दुसऱ्या दिवशी कोटांचं डिझाइन सेव्ह करताना पुन्हा तोच निरोप: जागा नाही.

"भाऊजी, अहो मोठी डिस्क ना ही?"

दीर आला, कॉम्प्युटरची पेटी उघडली आणि कान खाजवू लागला. "दोन्ही डिस्क आतच राहिल्या. एकीची दुसरी हुबेहूब नक्कल, त्यामुळे कॉम्प्युटर अजून जुनीवरूनच सुरू होतोय."

"म्हणजे कालपासूनचं माझं काम?"

"जुनीवरच आहे."

नक्कल पहिल्यापासून. या वेळी ती झाल्यावर जुनी डिस्क बाईंनी स्वतः बाहेर काढायला लावली. कॉम्प्युटर सुरू झाला, विंडोज उघडलं, आणि जागा होती तेवढीच! वाढीव जागा सगळी शेवटी, नवऱ्याच्या लिनक्सच्या पलीकडे पडलेली. मधलं लिनक्स मागे सरकवल्याशिवाय बाईंच्या भागाला पाय पसरायला वाव नव्हता.

"मग माझ्याकडेच राहू दे की ती," नवरा हळूच म्हणाला.

बाईंनी नुसतं पाहिलं. नवरा दुर्बीण पुसायला गेला.

दिराने लिनक्स शेवटाकडे सरकवलं, विंडोजचा भाग ताणला, ऐटीत बटण दाबलं. काळा पडदा. वर दोन ओळी, की अमुक भाग सापडत नाही. मेनू नाही, विंडोज नाही, बगळेही नाहीत.

"सरकवताना भागांचे नंबर बदलले वाटतं," दीर पुटपुटला. "मेनू जुन्या नंबरावर शोधतोय. रविवारी निवांत बघू या का?"

तेव्हा बाई ओरडल्या. "रविवारी? उद्या कोट द्यायचेत! तुमची चुटकी, तुमचं झालं-झालं, डोक्याचा पार भुगा केलात! हे होईपर्यंत या खुर्चीतून उठायचं नाही!"

दीर उठला नाही. पेन ड्राइव्हवरून त्याने लिनक्स चालू केलं. बाई शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि प्रत्येक पावलाला विचारू लागल्या, "हे कशासाठी? कुठल्या डिस्कवर? नक्की ना?" तो चिडला, पण दुसऱ्या प्रश्नालाच त्याची एक चूक सापडली, मग मुकाट उत्तरं देऊ लागला. मेनू नव्याने बसवला. पहिल्यांदा त्यात नुसतं लिनक्सच दिसलं. बाईंनी कपाळाला हात लावला. पुन्हा शोध घ्यायला लावल्यावर विंडोज खालच्या ओळीत उगवलं.

डिझाइन सेव्ह झालं. यंत्र खडखडू लागलं, तशी बाईंच्या खांद्यांतली गाठ जराशी सैल झाली.

"बघा, होतं साधंच," दीर म्हणाला.

"भाऊजी, जेवून जा, पण बोलू नका."

नवऱ्याने जुनी डिस्क उचलली. "ही आता मोकळीच आहे ना? पुसून टाकतो, बगळ्यांना होईल."

बाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, मऊ कापडाच्या तुकड्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. "नवी महिनाभर नीट चालू दे. तोवर हिला हात लावलात तर बगळ्यांसकट बाहेर काढीन."

दुसऱ्या दिवशी कोट वेळेवर गेले.