भोंगामामा आणि ढग्या

कारखान्यात त्यांना भोंगा म्हणत, आणि गल्लीत भोंगामामा. लोखंडी पत्र्याच्या टाक्या बनवण्यात उभा जन्म गेला माणसाचा. एक जण टाकीच्या आत, एक जण बाहेर, मध्ये पत्रा आणि दोघांच्या हातात घण. तिथं नुसतं ‘पाणी दे’ म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. कान हळूहळू गेले, आवाज राहिला. निवृत्त झाल्यावर तो आवाज ते घरी घेऊन आले. दुसरं आणायला होतं काय! भिंतींना कान असतात म्हणतात. त्यांच्या घरच्या भिंतींवर तर कानात बोळे घालायची वेळ आली होती. मामांनी वर चहा मागितला की खालच्या मजल्यावरचा शिंपी गिऱ्हाइकाला सांगायचा, चार वाजले.

मनानं मात्र माणूस लोण्यासारखा. रागावून ओरडले असं कधी झालंच नाही. पण हे कळायला त्यांच्याबरोबर राहावं लागतं, आणि तेवढ्या फक्त मामी राहिल्या होत्या. मामींनी आपल्यापुरता मार्ग काढला होता. त्यांनी बोलणंच कमी केलं. जेवायला चला, गोळी घ्या, दार लावा, एवढं मोठ्यानं सांगितलं की दिवस निभायचा. मुलीनं सासरहून येताना कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते कपाटात डबीतल्या डबीत पडून होतं. मी काय म्हातारा झालोय, हा मामांचा सवाल. त्याला उत्तर द्यायची कोणाची छाती?

पण रिकामं घर मामांना खायला उठू लागलं. एका सकाळी ते बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये गेले आणि नेमके ढग्यापाशी थांबले. करडा, वासराएवढा, एका कानाचा तुकडा गेलेला. तिथल्या बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की याला दोन घरांनी परत आणून सोडलंय. ताकद दांडगी आणि जीव भित्रा. भ्यालेलं एवढं मोठं जनावर कधी काय करेल सांगता येत नाही. हाताळण्याचा अनुभव असेल त्यालाच देणार. मामांनी छाती पुढे काढली. कारखान्याच्या फाटकावरचे दोन दणकट कुत्रे त्यांनी पिल्लं असल्यापासून वाढवले होते. खोटं नव्हतं त्यात काही. फक्त ते कुत्रे घणांच्या दणदणाटातच जन्मले होते, मामांचा आवाज त्यांना अंगाईसारखा. हे मामांच्या ध्यानात आलं नाही. आणि बाईंना तरी कसं कळणार? भोवती सगळी कुत्री भुंकत असताना तिथं प्रत्येक जण ओरडूनच बोलत होता. महिनाभर ठेवून बघा, मग पक्कं करू, असं ठरलं.

घरी आल्या आल्या मामांनी लाडानं हाक मारली, ‘ये रे माझ्या राजा’. झालं. ढग्या जेवणाच्या टेबलाखाली घुसला आणि तिथं मावेना म्हणून टेबल पाठीवर घेऊनच भिंतीपर्यंत सरकला. वरची बरणी फुटली ती वेगळीच. नवखा आहे, रुळेल, असं मामांना वाटलं. कसलं काय! मामा जितके लाडात येत तितका तो आक्रसायचा. हाक ऐकली की जागच्या जागी लघवी. फडकं घेऊन मामी धावायच्या. या मामींनी कुत्रं नको म्हणून दोन दिवस तोंड फुगवलं होतं बरं का. आणि हा पठ्ठ्या जाऊन बसायचा तो त्यांच्याच पायाशी! त्या भाजी निवडत, तो पंजांवर हनुवटी टेकून बघत राही. मामांच्या पोटात दुखायचं, सरळच सांगतो. फिरायला न्यायचं यांनी, खाऊ आणायचा यांनी, आणि माया सगळी तिकडे.

मग बाई पाहणीला आल्या. ढग्या तेव्हा बाथरूममध्ये दाराआड होता. बाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि मामांच्या जवळ सरकून म्हणाल्या की तो तुम्हाला भितो, तुम्ही ओरडता.

“मी कुठं ओरडतो?” मामा म्हणाले, आणि आत बादली गडगडली.

बाई हसल्या नाहीत. चांगल्या शब्दांत त्यांनी सांगितलं की असंच राहिलं तर रविवारी येऊन घेऊन जाईन. तिसऱ्यांदा परत आलेल्या कुत्र्याला मग कोणी नेत नाही, जन्म पिंजऱ्यातच जातो. मामांना त्यातलं अर्धंच ऐकू आलं, पण नेमकं तेच अर्धं.

त्या दुपारी मामांनी आतल्या खोलीचं दार लावलं आणि चोरासारखी कपाटातली डबी काढली. सेलचं पाकीटही कोणी फोडलेलं नव्हतं. यंत्र कानात बसलं तसा पंखा घरघरू लागला. तो इतकं बोलतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग नेहमीसारखे ते ‘ढग्या’ म्हणाले आणि स्वतःच दचकले. बाप रे, हे ऐकत होता तो बिचारा? ते पुन्हा म्हणाले, जरा खाली. आणखी खाली. होता होता आवाज इतका बारीक झाला की तो आपला वाटेना. लाज वाटली त्यांना.

मग ढग्यावर हा आवाज वापरून बघावा म्हणून ते स्वयंपाकघराकडे निघाले. आत कोणीतरी बोलत होतं. शेजारीण आली असेल असं वाटून ते दारातच थांबले. पाहतात तो मामी फरशीवर बसलेल्या, ढग्याचं डोकं मांडीवर, आणि हलक्या आवाजात सलग बोलणं चाललेलं. मामी एवढं बोलतात?

“धाकटी आता अंथरुणातून उठत नाही रे. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. माझ्या पाठची ती. मला जायचंय तिच्याकडे. पण यांना सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार. असलं काही ओरडून सांगता येतं का, तूच सांग.”

मेहुणी आजारी आहे हे मामांना माहीत होतं. बरी आहे ना, असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. मामींनी मान हलवली होती, ती त्यांनी आपल्याला हवी तशी समजून घेतली आणि पेपर उघडला.

ते आत जाऊन खाली बसले. गुडघे करकरले, तेही त्यांना ऐकू आलं. ढग्यानं डोकं उचललं, पाय गोळा केले. आता हा पळणार.

“उद्याच जा तू,” मामा नुकत्याच शिकलेल्या आवाजात म्हणाले. “हवे तितके दिवस राहा. याला मी सांभाळतो.”

ढग्या उठला नाही. त्यानं मामांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि डोकं पुन्हा मांडीवर टाकलं. मामींना मात्र आधी कळेचना की हे बोललं कोण. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्या गळ्याच्या शिरा ताणून ओरडल्या, “अहो, धाकटी जाणार आता!”

मामांनी त्यांचा हात हातात घेतला.

“हळू बोल,” ते म्हणाले. “ऐकू येतंय मला.”