मॅट रुस्ताकला गेली

उन्हाळ्यात आमच्या लीगचा व्हॉट्सॲप ग्रुप गाढ झोपलेला असतो. मस्कतच्या त्या उन्हात क्रिकेट कोण खेळणार! त्यामुळे त्या सकाळी फोन वाजला तेव्हा वाटलं, कुणीतरी कायमचं भारतात परत निघालंय आणि सोफा विकायला काढलाय. बघितलं तर रुस्ताकच्या हुसेनभाईंच्या मुलाचा, इम्रानचा मेसेज होता. ‘अब्बा आज पहाटे गेले. गावी, घरातच.’ मी फोन हातात धरून अल हैलच्या आमच्या स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, ऑफिसला निघाला होता. त्यानं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि हातातली गाडीची किल्ली परत टेबलावर ठेवली. मग डोळे पुसत मी विचारलं, “मॅट कुठे आहे रे?” तो म्हणाला, “रुस्ताकलाच. अजून कुठे असणार?” आणि त्या रडण्यातही मला एकदम बरं वाटलं.

हे बरं वाटणं समजायला आमची लीग माहीत हवी. अल हैलच्या मागे खडीचं एक मोकळं मैदान आहे. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाआधी आटोपेल अशा बेतानं, आम्हा मराठी लोकांच्या चार टीम तिथे टेनिस बॉलनं खेळतात. अल हैल, अल् खुवैर, सोहार आणि रुस्ताक. कुणी बँकेत, कुणी मिनिस्ट्रीत, कुणी दुकानात. जगात या लीगचं नाव कुणी ऐकलेलं नाही आणि ऐकण्याचं काही कारणही नाही. खडीवर बॉल वेडावाकडा उडतो म्हणून मधे काथ्याची एक लांबलचक मॅट अंथरायची, खिळे ठोकून ताणायची आणि मॅच संपली की गुंडाळायची. पहिल्या वर्षी सगळ्यांत मोठा प्रश्न हा होता की ही अजस्र, धुळीनं भरलेली मॅट ठेवायची कुणाच्या घरी? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा रुस्ताकचे हुसेनभाई म्हणाले, “सोप्पा हाय. जो जिंकेल त्याच्या डोक्यावर. वर्षभर सांभाळायची, दर शुक्रवारी आणायची, अंथरायची. चॅम्पियन म्हणजे काय नुसतो कप उचलायचो?”

झालं, नियम पडला. कप आला, हरवला, कुणाला त्याची आठवणही नाही. पण मॅट ज्याच्या घरी तो चॅम्पियन, हे पक्कं झालं.

हुसेनभाई दापोलीकडचे. रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, दोऱ्या, बादल्या, पाण्याचे पाइप. माझी त्यांची खरी ओळख झाली ती दुसऱ्या वर्षी, जेव्हा आम्ही अल हैलवाले जिंकलो आणि ते काथ्याचं धूड माझ्या पॅसेजमध्ये येऊन पडलं. पोळीत काथ्या, चादरीत काथ्या. मी डोंबिवलीची, जागेची अडचण मला नवी नव्हती, पण हे फारच झालं. हुसेनभाई एकदा काही कामानं मस्कतला आले असताना मुद्दाम घरी आले. मी चांगलं तोंड सोडलं. त्यांनी शांतपणे चहा प्यायला, मॅटवरून हात फिरवला आणि म्हणाले, “वैनी, हिला आठवड्यातनं एकदा ऊन दाखवा. झटका. मग त्रास नाय देणार. आमच्याकडे आली असती तर मी दुकानात पुढ्यात उभी केली असती.” मी म्हटलं, “मग जिंका ना!” ते खो खो हसले. त्यांच्या हसण्यात जी हाव होती ती तेव्हा माझ्या लक्षात आली... बाकी कशाचीच नसलेली, फक्त या एका मॅटची.

कारण रुस्ताक जिंकत नव्हती. फायनलला यायची आणि हरायची. पोरं दमदार होती, पण शेवटी काहीतरी व्हायचंच. दीड तास गाडी चालवत यायचं, हरायचं, आणि जिंकलेल्यांना मॅट गुंडाळू लागून परत जायचं. त्यांचे अर्बाब, म्हणजे दुकानाचे ओमानी स्पॉन्सर, एकदा मॅच बघायला आले होते. त्यांनी म्हणे हुसेनभाईंना विचारलं की एवढीच आवडली असेल तर मी नवीन घेऊन देतो, हिच्यासाठी का भांडता? अर्बाबना समजावताना हुसेनभाईंच्या नाकी नऊ आले.

एव्हाना कॉमेंटरीचा माईक माझ्याकडे आला होता. बडबडीला पगार नसतो, म्हणून निदान माईक तरी द्या असं मीच म्हटलं होतं. फायनलच्या आधी आजवरचे सगळे चॅम्पियन ओळीनं घोषित करायचे, ही माझी हौस. आणि मग ते वर्ष आलं.

मॅट त्या वर्षी अल् खुवैरवाल्यांकडे होती. मॅटच्या गुंडाळीत एक दोरी असायची, दोन्ही टोकांना फास असलेली, बरोब्बर बावीस यार्डांची. ती ताणायची आणि दोन्हीकडे स्टंप ठोकायचे. फायनलला रुस्ताकच्या अस्लमनं असा काही बॉल टाकला की अल् खुवैरचे बॅट्समन बॅट उचलेपर्यंत दांड्या गुल! रुस्ताक जिंकली. मी घसा फाडून ओरडले, “रुस्ताक चॅम्पियन!” पोरं नाचत होती. हुसेनभाई मात्र सरळ मॅटकडे गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांची गुंडाळली होती, आज स्वतःची. वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मॅट नेहमी स्टंपांच्या हातभर अलीकडे संपायची. त्या दिवशी ती दोन्हीकडे स्टंपांना टेकली होती.

“वैनी, माईक बंद करा,” ते म्हणाले.

अल् खुवैरचा कॅप्टन पाध्ये, मोठ्या कंपनीत इंजिनियर बरं का, त्यानं जीभ चावली. मॅट गाडीच्या टपावर बांधायला दोरी कमी पडली, म्हणून त्यानं मापाच्या दोरीचा तुकडा कापून घेतला होता आणि टोकाला पुन्हा फास बांधला होता. “थोडीशीच कापली हो...” पिच आखूड झालं होतं आणि कुणालाच कळलं नव्हतं. सगळे म्हणाले, जाऊ द्या, दोन्ही टीम त्याच पिचवर खेळल्या. खुद्द पाध्येही म्हणाला. हुसेनभाईंनी मान हलवली. “आमचो अस्लम फास्ट हाय. आखूड पिचचा फायदा आम्हाला झाला. असा चॅम्पियन नको मला. खलास. पुढच्या शुक्रवारी परत.” इम्रान तेव्हा नुकताच टीममध्ये आला होता, त्यानं रागानं टोपी खडीवर आपटली. पुढच्या शुक्रवारी परत फायनल झाली आणि रुस्ताक हरली. हुसेनभाईंनी पाध्येला मॅट गुंडाळायला मदत केली आणि दुकानातून आणलेल्या दोन नव्या दोऱ्या त्याच्या हातात ठेवल्या. “ही मापाची. आणि ही गाडीला बांधायची. मिसळू नको बाबा.”

तेव्हापासून माझ्या यादीत त्या वर्षापाशी मी म्हणते, “रुस्ताक... एका आठवड्यापुरते!” सगळं मैदान हसतं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हुसेनभाई हसायचे. मला वाटायचं, त्यांना लागत नसेल का? लागत होतं. एकदा मॅचनंतर खुर्च्या उचलताना हळूच म्हणाले होते, “एकदा न्यायची हाय वैनी. मग बघू.”

या वर्षीच्या फायनलला ते आजारी होते. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं, तरी आले. माझ्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत, गळ्याभोवती मफलर, अंगाची नुसती काडी झालेली. समोर पुन्हा अल् खुवैर, पुन्हा पाध्ये. शेवटचा बॉल आणि दोन रन हवेत. इम्रान खेळत होता. त्यानं बॉल कव्हरमधून मारला, एक धाव झाली, दुसरीला तो अक्षरशः मॅटवर पोटानं घसरत पोचला. थ्रो आला, दांडी उडाली, आणि अंपायरनं आडवी मान हलवली. नॉट आऊट! मी माईक तोंडाशी नेला तेवढ्यात माझ्या मनगटावर एक हात आला.

“थांबा वैनी. आधी दोरी.”

त्यांनी खुर्चीखालून दुकानातून मोजून आणलेली, फास बांधलेली कोरी दोरी काढली. हुसेनभाई खुर्चीतून उठले. पाध्ये धावत आला, त्यानं दोरीचं एक टोक एका स्टंपाला लावलं. दुसरं टोक घेऊन हुसेनभाई मॅटवरून हळूहळू चालत गेले. कुणी धरायला पुढे झालं नाही, तशी कुणाची हिंमतच नव्हती. दोरी ताणली. फास स्टंपावर अलगद बसला, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. त्यांनी वर बघितलं. डोळे भरून वाहत होते आणि तोंडभर हसू.

“आता बोला!”

मी काय बोलले देव जाणे. माझा आवाज फाटला, पाध्येनं हुसेनभाईंना मिठीच मारली, हरलेली टीम जिंकलेल्यांपेक्षा जास्त नाचत होती. मॅट पिकअपमध्ये चढवली तेव्हा हुसेनभाईंनी नुसता हात लावला होता, पण उचलली त्यांनीच, असं आम्ही सगळे मानतो. मी म्हटलं, “भाई, आता यादीतलं ते ‘एका आठवड्यापुरते’ काढून टाकते.” ते एकदम गंभीर झाले. “नाय वैनी. तां राहू द्या. तां पण आपलाच हाय.”

मग ते गावी गेले, आणि तिथेच...

इम्रान परत आल्यावर आम्ही रुस्ताकला गेलो. पाध्येही आमच्याच गाडीत होता. सूकमधल्या त्या दुकानात, अगदी पुढ्यात, बादल्या आणि पाइप बाजूला सारून मॅट उभी केली होती. झटकलेली, उन्हं दाखवलेली, एक काथ्या लोंबत नव्हता. मापाची दोरी वर खिळ्याला वेगळी टांगलेली. भेटायला आलेली माणसं खाली बसली होती, अस्लम होता, शेजारचे दुकानदार होते. काहवा, म्हणजे इथली कोरी कॉफी, झाला, खजूर झाले. मग इम्रान म्हणाला, “काकी, एकदा यादी म्हणा ना. अब्बांना आवडायची.”

माईक नव्हता. मी मॅटवर हात ठेवून उभी राहिले आणि सुरुवात केली. अल् खुवैर. अल हैल. सोहार... एकेक वर्ष म्हणत ‘रुस्ताक, एका आठवड्यापुरते’पर्यंत आले तेव्हा पाध्येनं मान खाली घातली आणि त्याच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं. मग अस्लम हसला, मग इम्रान, मग सगळेच. मला पुढची वर्षं म्हणायला थांबावं लागलं. हसणं ओसरलं तशी मी उरलेली नावं घेतली, आणि शेवटचं नाव माझ्याआधी त्या सगळ्यांनीच घेतलं, इतक्या मोठ्यानं की सूकमधली गिऱ्हाइकं दारात येऊन बघायला लागली.

“रुस्ताक!”