प्रशिक्षणातली सासू

पुण्यात दुसऱ्याच्या ताटात डोकावणं हा गुन्हा असता, तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई केव्हाच येरवड्याला मुक्कामी गेल्या असत्या. बाईंनी जन्मभर कॉलेजात आहारशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही आणि निवृत्त झाल्यावर आख्खी बिबवेवाडी दत्तक घेतली. लिफ्टमध्ये शाळकरी पोरांचे डबे उघडून बघायच्या. लग्नात बुफेच्या रांगेत पुढच्या अनोळखी माणसाला, "अहो, पनीर तीनदा घेतलंत, आता डाळ एकदा घ्या," म्हणायच्या. सोसायटीतल्या एका गृहस्थांची पत्नी गेली, तेव्हा ते सुन्न बसून होते. आम्ही सगळे त्यांना आत्मा अमर असल्याचं सांगत होतो. बाई मेतकूट-भात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "रडायलाही अंगात ताकद लागते. खा आधी." ते जेवले, आणि मग पहिल्यांदा रडले.

पण बाईंचा खरा अवतार बघावा तो प्रशिक्षणात. एका संस्थेच्या हॉलवर खेडोपाडच्या अंगणवाडीसेविका आणि आशाताई राहायला यायच्या. गरीब घरातल्या आयांना लेकरांच्या खाण्यापिण्याचं कसं समजावायचं, ते बाई त्यांना शिकवायच्या. भिंतीवर सरकारी तक्ता होता, त्यातल्या सफरचंदावर बाईंनी पहिल्याच दिवशी कागद चिकटवला. "हे फळ दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना न्यायचं असतं. शेवग्याचा पाला, हरभरा, अंडं, शेंगदाण्याचं कूट. पुढे बोला."

व्याख्यान तेवढंच. मग सुरू व्हायची सासू. बाई डोक्यावरून पदर घ्यायच्या, एक गुडघा उभा करून सतरंजीवर बसायच्या आणि सेविकेनं त्यांचं मन वळवायचं. जी बाई आयुष्यात कुणाची सून झाली नाही, तिच्यात इतकी खाष्ट सासू कुठून यायची देव जाणे! "आम्ही सात पोरं वाढवली ती काय तुझा तक्ता बघून?" म्हणून अशी काही नजर टाकायच्या की निम्म्या पोरी पाठ केलेलं सगळं विसरायच्या. एक तर रडत बाहेर गेली. बाई तिच्यामागे लाडू घेऊन धावल्या, तिचे डोळे पुसले, परत येऊन बसल्या आणि पुन्हा तोंड सोडलं. "इथे रडली तर चालेल, तिथे सासूच्या दारातून परतायला नको," असं मला म्हणाल्या.

मी तिथे काय करत होतो? नवरा होतो. बाईंनी एकदा जिन्यात गाठून विचारलं, "उद्या रिकामे आहात का? असताच म्हणा. सुनेचा नवरा हवाय. नुसतं बसायचं, एक अक्षर बोलायचं नाही. वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या जमेल." जमलं की!

गेल्या वर्षी डोंगराकडच्या एका वाडीवरची सेविका आली होती. अंगानं काटकुळी, पण डोळ्यांत धग. तिची पाळी आल्यावर ती म्हणाली, "बाई, आज मी सासू व्हते, तुम्ही मला समजवा. माझ्या वाडीवर एक हाय तशी. नऊ म्हैन्यांचं पोर हाय, नुसतं आईच्या अंगावर पितंय. पार वाळून गेलंय."

बाई खुशीत सरसावल्या. सहा महिन्यांनंतर आईचं दूध पुरत नाही, मऊ वरणभात सुरू करायला हवा, सगळं सांगून झालं. सेविका गुडघा उभा करून बसली होती. "मामानं येऊन उष्टावण केल्याबिगर पोराच्या तोंडात शीत घालत न्हाईत आमच्यात."

"मग मामाला बोलवा."

"आम्ही कशापायी बोलवायचं? भनीचं पोर हाय त्याच्या. त्याला कळत न्हाई? लग्नातबी तोंड फुगवून गेला हुता."

बाईंना हरताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पदर नीट करत त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुठे असतो गं तो मामा?"

"हितंच की. वारज्याला वाचमन हाय."

त्याच संध्याकाळी रिक्षा करून आम्ही वारज्याला गेलो. निम्म्या सोसायट्यांच्या फाटकांवर विचारत फिरलो, तेव्हा कुठे तो सापडला. पंचविशीचा पोरगा, अंगावर ढगळ गणवेश. भाच्याचं नाव काढताच त्याचा चेहरा उजळला. "चांदीची वाटी घेऊन ठेवलीय मॅडम. बोलावणं आलं की लगेच निघणार." बाईंनी त्याला पोराची अवस्था सांगितली. तो म्हणाला, "बोलावल्याशिवाय कसं जायचं? लग्नात माझा काहीच मान झाला नाही." आणि मग तिथेच खुर्चीत बसून ढसाढसा रडला. तिकडे सासू वाट बघतेय, इकडे हा वाटी घेऊन बसलाय, आणि मधल्या मधे पोर उपाशी! इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता, पण काढायचा कुणावर?

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून आम्ही त्याला घेऊन वाडीवर गेलो. सासू काही राक्षसीण नव्हती. दारात त्याला बघून तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, घाईघाईनं पाट मांडला. मामानं चांदीच्या वाटीतला वरणभात भरवला. पोरानं दोन घास घेतले, तिसरा ओठांवरून ओघळला. अंग तापलं होतं, छाती भात्यासारखी चालली होती. त्याच गाडीतून आम्ही त्याला पुण्याला सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी शर्थ केली. आठवडाभरात पोर गेलं.

डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. बाई म्हणाल्या, "हो, तो शेवटी आला." पुढे कितीतरी दिवस त्यांनी लिफ्टमध्ये कुणाचा डबा उघडला नाही. पोरंच आपणहून झाकणं काढून धरायची, बाई नुसत्या मान हलवायच्या.

नवी तुकडी आली, तेव्हा बाईंनी सासूचं काम माझ्या बायकोला दिलं. तिला फारशी तालीम लागली नाही. "आणि तुम्ही?" मी विचारलं. "मी पोर," म्हणाल्या, आणि सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसल्या. पिकल्या केसांच्या, जाडजूड बाईंना तिथे बसलेलं बघून पोरी पदर तोंडाला लावून हसल्या. मग वाद रंगला. बायकोनं मामा काढला, मान काढला. सेविका एकीमागून एक उठून हिरीरीनं बोलत होत्या. बाई बोलणारीच्या तोंडाकडे बघायच्या, मग दुसरीच्या तोंडाकडे. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. जेवणाची वेळ झाली आणि सगळ्या बोलत बोलतच पत्रावळींकडे निघून गेल्या.

बाई तिथेच बसून होत्या. मी म्हणालो, "अहो बाई, उठा, जेवून घ्या."

"पोर आपणहून उठून जेवायला जात नाही हो," बाई म्हणाल्या.

माझी बायको दारापर्यंत गेली होती. ती मागे फिरली, वाटीत वरणभात कालवून आणला आणि डोक्यावरचा सासूचा पदर तसाच ठेवून बाईंच्या समोर बसली. तिनं घास पुढे केला. बाईंनी तोंड उघडलं. पोरी हातातल्या पत्रावळी घेऊन दारात उभ्या होत्या, आणि वाटी संपेपर्यंत एकीनंही घास घेतला नाही.