सोवळ्यातला स्विच

आमच्या केशवापुरात वायरिंगचं काम म्हटलं की गोविंदअण्णा. उणकलहून सायकलवर यायचे. शर्टाच्या खिशात टेस्टर आणि काम चालू असेतोवर मेनचा फ्यूज पँटच्या खिशात. तो मग घरातल्या कुणाच्या बापाला मिळायचा नाही. तोंडाचे फटकळ, पण कामाला चोख.

त्यांची एक खोड होती. न्हाणीघराचं काम घेण्याआधी ते खुर्ची ओढून बसायचे आणि विचारायचे, घरात आंघोळ कोण कशी करतं? पहिलं कोण जातं, पाणी कुठवर उडतं, बाहेर येताना हात कशाला लागतो? पुढे उणकलला नवी घरं उठली, तिथल्या शिकल्यासवरल्या इंजिनियरांनाही त्यांनी हेच विचारलं म्हणे. शहाण्णव साली आम्ही न्हाणीघर नवं करायला काढलं, तेव्हा पहिला प्रश्न मलाच आला. माझं डोकंच फिरलं. परक्या पुरुषाला मी आंघोळ कशी करते ते सांगू? आमचे हे, प्रशांत, पेपराआड तोंड लपवून हसत होते. त्यांच्याकडे नंतर बघून घेतलं मी.

माझ्या सासूबाई, गोदावरीबाई, मात्र ऐसपैस सांगायला बसल्या. पहाटे पाचला आंघोळ, दिवा मालवायचा, ओलेत्यानंच बाहेर यायचं, मग सोवळं नेसून पूजा. अण्णांनी विचारलं, दिवा मालवताना हात पुसता की नाही? तर म्हणाल्या, कशाला पुसायचे? पंचा सगळ्यांनी शिवलेला, म्हणजे ओवळाच की.

अण्णा उठून आत बघून आले. बादलीच्या बरोबर वर स्विच, त्याला तडा, आणि दिव्याचा पितळी होल्डर उघडा. बाहेर आले ते लालबुंद होऊन. स्विच आत राहणार नाही, दाराबाहेर जाईल, दिव्याला काचेचं बंद झाकण बसेल, अर्थिंग नवं ओढायचं, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. सासूबाई बाकी सगळ्याला कबूल, पण स्विच बाहेर नको. बाहेर कामवालीपासून पाहुण्यांपर्यंत सगळे त्याला हात लावणार. त्याला शिवलं की मडी, म्हणजे सोवळं, मोडली आणि पुन्हा आंघोळ.

"अक्का, करंट मडी बघत नाही," अण्णा म्हणाले. "हे पाप मी माझ्या हातानं करणार नाही." त्यांनी त्या स्विचची वायर तोडून टाकली, फ्यूज जागेवर लावला आणि सायकलवर टांग टाकून गेले.

दोन दिवस सासूबाईंनी कंदिलाच्या उजेडात आंघोळ केली. आई, सत्तरीला आलात, सोवळं जरा सैल करा, असं मी एकदाच म्हटलं. झालं! माझ्याशी बोलणं बंद, आणि भाजीत मीठ कमी असल्याचा निरोप प्रशांतकरवी.

तिसऱ्या दिवशी अण्णा हजर. बाजारातला अख्खा कोप्पीकर रोड पालथा घालून त्यांनी दोरीचा स्विच पैदा केला होता. स्विच वर छताला, दोरी खाली. ओढली की दिवा लागतो, पुन्हा ओढली की जातो. त्याच्यासोबत आलेली सुती दोरी त्यांनी बाजूला टाकली आणि सासूबाईंना विचारलं, रेशमाला विटाळ नाही ना? सासूबाई उठून आत गेल्या. सोवळ्याच्या जुन्या रेशमी मुकट्याचा काठ फाडून आणला आणि तिथेच बसून वाती वळाव्यात तसा पीळ घातला. दोरी ओली झाली तरी करंट खाली उतरू नये म्हणून अण्णांनी वर प्लास्टिकची कडी अडकवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघरातला दिवा सातदा लागला नि सातदा गेला. मी दाराशीच उभी होते. सासूबाई ओलेत्यानं बाहेर आल्या त्या हसतच. मला शिवू नको म्हणाल्या आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलल्या.

"बरं झालं बाई. वर्षभर त्या मेल्या स्विचला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या."

मला रागच आला. वर्षभर? अहो, घरात आम्ही दोन धडधाकट माणसं, एकाला तरी सांगायचं.

"सांगितलं असतं, तर तुम्ही माझी पूजा काढून घेतली असती," त्या म्हणाल्या आणि देवघराकडे गेल्या.

काढून घेतलीच असती मी, त्याच दिवशी.