उस्तादांचं नाक

जीप लष्कराच्या लिलावात निघाली तेव्हाच म्हातारी होती. खाणीच्या मालकाने ती विकत घेतली आणि चालवायला दिली उस्तादांच्या भाऊजींच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या हाती. चढावर अर्ध्या वाटेत ती मरायची आणि थोडी विसावली की काही घडलंच नाही अशा थाटात सुरू व्हायची.

अशा गाड्या चार गॅरेजं हिंडून शेवटी उस्तादांकडे येत. उस्तादांची ख्याती हातापेक्षा नाकाची. बॉनेट उघडण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारत, वाकून हुंगत आणि पेट्रोल कुठून झिरपतंय ते सांगत. उस्तादांना सर्दी झाली तर गावातल्या गाड्या बंद पडतील, असं लोक गमतीने म्हणत.

उन्हाळ्यात आलेल्या तापानंतर उस्तादांना कसलाच वास येईनासा झाला होता. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. फेरी, वाकणं, हुंगणं पूर्वीसारखंच चालू होतं. त्या दिवशी सकाळी ते चहासाठी काडी ओढणार, तोच बायकोने हातातून काडेपेटी हिसकावून घेतली. शेगडीचं बटण अर्धवट उघडं होतं. घरभर गॅस पसरलाय, नाक गहाण टाकलंय का, असं तिने विचारलं. सर्दी झालीय, एवढंच बोलून ते कामावर आले होते.

जीपचा पंप त्यांनी उघडून पाहिला, फिल्टर धुतला, कार्बोरेटर साफ केला, नळीत फुंकर मारली. कुठेच काही अडकलेलं नव्हतं. मग इंजिन चालू ठेवून ते वाट पाहत बसले. इंजिन आचके द्यायला लागताच त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. हवा सुस्कारत आत गेली आणि इंजिन पुन्हा सुरात आलं. झाकणातलं हवेचं भोक मातीने बुजलं होतं. पेट्रोल खेचलं जाई, पण त्याच्या जागी हवा येत नसे आणि टाकी आतून आवळली जाई. उस्तादांनी तारेने भोक मोकळं केलं आणि भाऊजींना बोलावणं धाडलं.

भाऊजी मोटारसायकलवरून येईपर्यंत दुपार झाली. या जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली, एका पत्र्याच्या खोलगट खोक्यात असते. भाऊजी त्यावर ऐसपैस बसले आणि त्यांनी नाक वर केलं.

"वास येतोय रे थोडा. तू बघितलंस ना?"

"माझ्या हातांचा असेल. सकाळपासून पेट्रोलातच आहेत."

"तू म्हणतोस म्हणजे झालं."

उस्तादांच्या बहिणीला बाजारातून घेऊन त्यांना पुढे चढावर जायचं होतं. भाऊजींनी खिशातून सिगारेट काढून ओठांत धरली आणि काडेपेटी चाचपली. उस्तादांना सकाळची न ओढलेली काडी दिसली.

"भाऊजी, काडी ओढू नका. कशालाही हात न लावता खाली उतरा."

"का रे, आता काय झालं?"

"माझं नाक गेलंय. वास आहे की नाही, मला कळत नाही."

भाऊजी आधी हसले, मग मेहुण्याचा चेहरा बघून मुकाट्याने उतरले. दोघांनी आसन उचललं. खोक्याच्या तळाची भोकंही मातीने बंद होती आणि तिथे पेट्रोल साचून चमकत होतं. टाकीच्या जोडातून थेंब पडत होते. झाकणाचं भोक बंद होतं तोवर आतल्या ओढीने ते रोखून धरले होते. उस्तादांच्या तारेने ते मोकळे केले होते.

भाऊजींनी ओठांतली सिगारेट काढून खिशात ठेवली.

"कधीपासून?"

"ताप आला तेव्हापासून."

"मग मधे केलेल्या गाड्या?"

उस्ताद त्या मनात आठवायला लागले. भाजीवाल्याचा टेम्पो. डॉक्टरीणबाईंची मोटार. शाळेची व्हॅन, जिची टाकी त्यांनी वाकून हुंगली होती आणि ठीक आहे म्हणून सोडली होती. रस्त्याकडे पाहत त्यांनी हात पुसले. शाळा सुटायची वेळ होत आली होती.

"तुमची मोटारसायकल आहे ना?" ते म्हणाले. "आधी शाळेत चला."