घोड्यांचा हौद

सेलूत रेल्वेच्या रुळांपलीकडे आता नवी कॉलनी झाली आहे. एकसारखी घरं, दारात तुळस आणि मोटारसायकल, गच्चीवर काळ्या टाक्या. गावातली जुनी माणसं मात्र त्या जागेला अजून रिसालाच म्हणतात. निजामाच्या काळापासून तिथं घोडदळाची छावणी होती. राज्य बदललं, तरी पुढची काही वर्षं घोडे तिथंच राहिले. बायनाबाईंचे वडील लिंबाजी लोहार त्या घोड्यांना नाल ठोकायचे. बायनाबाईंचा जन्म तबेल्यामागच्या कौलारू खोल्यांतला.

सकाळी बिगूल वाजला की आई चूल पेटवायची. थोड्या वेळानं भट्टीही पेटायची आणि तापलेला नाल खुराला लावला की जळक्या खुराचा वास घरभर पसरायचा. दुसऱ्या कुणाला तो वास सोसला नसता. बायनाबाईंना त्या वासानंच भूक लागायची. संध्याकाळी घोडे लांबलचक दगडी हौदावर रांगेनं पाणी प्यायचे. ते गेले की खोल्यांमधल्या पोरी हौदात पाय सोडून बसायच्या. पहारेकरी रागावल्यासारखं करायचा आणि तोंड फिरवून उभा राहायचा.

बायनाबाई बारा-तेरा वर्षांच्या असताना छावणी हलवायचा हुकूम आला. घोडे चालवत सेलूच्या स्टेशनवर नेले. मालगाडीच्या डब्याला फळ्या लावल्या होत्या. एकेक घोडा चढत होता, पण एक पांढरी घोडी काही केल्या फळीवर पाय ठेवेना. शिपायांनी ओढली, मागून ढकलली. शेवटी लिंबाजी पुढं झाले. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी तिच्या डोळ्यांवर बांधला, कपाळावर हात फिरवला आणि काहीतरी पुटपुटत तिला आत नेलं. गाडी सुटली. लिंबाजी बोडक्या डोक्यानं घरी आले आणि जेवले नाहीत.

पुढं ते बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकू लागले. काम तेच, पण एवढं बोलणारा माणूस गप्प झाला. बायनाबाई लग्न होऊन बोरीला गेल्या. शेती, दोन म्हशी, एक मुलगा, असा संसार झाला. माहेर म्हणून जायला काही उरलंच नव्हतं. आईवडील गेले, खोल्या पडल्या, मैदानावर बाभळी वाढल्या.

नवऱ्यामागं दोन वर्षं त्या बोरीत एकट्या राहिल्या. मुलगा जीवन सेलूत शिक्षक. त्यानं नवीन घर घेतलं आणि आईला न्यायला आला. घर रुळांपलीकडच्या नव्या कॉलनीत आहे म्हटल्यावर बायनाबाई उठून अंगणात गेल्या. त्यांना गाव सोडायचं नसेल, असं त्याला वाटलं.

पहिल्याच संध्याकाळी त्या एकट्या बाहेर पडल्या. तबेले नव्हते, खोल्या नव्हत्या, आपलं घर नेमकं कुठं होतं तेही कळेना. कॉलनीच्या फाटकाजवळच्या वाळूच्या ढिगामागं मात्र हौद दिसला. आत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि पाला होता. काठाच्या दगडाला घोड्यांच्या माना घासून घासून पडलेले खळगे तसेच होते. त्या खळग्यात हात ठेवून बायनाबाई बराच वेळ बसल्या. मग रोजच बसू लागल्या. सून निकिता हिला ते आवडेना. सासू कचऱ्यापाशी बसते, लोक काय म्हणतील, असं ती जीवनला म्हणाली.

पावसाळा संपल्यावर कळलं की हौद फोडून तिथं गाड्या लावायला जागा करायची आहे. सोसायटीचे अध्यक्ष आदिनाथ बियाण्यांचं दुकान चालवायचे. माणूस वाईट नव्हता, पण रस्त्यातल्या गाड्यांवरून रोजची भांडणं त्यालाच सोडवावी लागत. बायनाबाईंनी सगळ्यांसमोर बोलायला परवानगी मागितली.

मारुतीच्या पारावर बैठक भरली. बायनाबाईंनी पदर सावरून छावणी हलली त्या दिवसाची गोष्ट सांगितली. घोडीची, रुमालाची, बोडक्या डोक्यानं आलेल्या बापाची. शेवटी म्हणाल्या, "ह्या हौदात घोडे पाणी प्यायले, आमी पाय सोडले. माज्या माहेरचं आता एवढंच ऱ्हायलंय. ठिवता आलं तर ठिवा."

मग आदिनाथ हळू आवाजात म्हणाले, "मावशी, तुमचं सगळं खरं हाय. पण गाड्या कुठं लावायच्या, ते सांगा."

बायनाबाईंनी पदर पुन्हा सावरला. त्या खाली बसल्या. तेवढ्यात बायकांमधून निकिता उठली. घरापुढच्या तुकड्यात तिनं वर्षभर खपून मोगरा आणि जास्वंद लावली होती. तिचा जीव त्या बागेत होता.

"आमच्या दारातली बाग मी काढते," ती म्हणाली. "तिथं दोन गाड्या बसतील. हौद राहू द्या."

मग आणखी दोन घरांनी आपल्या दारातली थोडी थोडी जागा दिली. तरीही गाड्या वळण्यापुरता हौद फोडावाच लागला. मशीन आलं तेव्हा बायनाबाई घरात थांबल्या नाहीत. अर्धा हौद फुटेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. त्याच दगडांचे उरलेल्या अर्ध्या हौदापाशी दोन कट्टे केले. हौद घासून पाणी भरलं. त्यावर आता चिमण्या आणि साळुंक्या येतात. निकितानं मोगरा कुंड्यांत लावून तिथं आणून ठेवला आहे.

दिवाळीनंतर गल्ल्यांना नावं द्यायचं ठरलं. आदिनाथ स्वतः बायनाबाईंकडे आले आणि त्यांनी घोड्यांची नावं विचारली. त्यांनी आठवून आठवून पाच सांगितली: मोती, दिलावर, शबनम, बिजली, सुलतान. पाट्या लागल्या. गल्ल्या मात्र सहा होत्या. नात वैष्णवी म्हणाली, "आजी, एखादं बनवून सांग ना, कुणाला कळतंय?"

"न्हाई गं," बायनाबाई म्हणाल्या. "नसलेल्या घोड्याचं नाव कसं सांगू? आठवलं की सांगते."

सहावी गल्ली अजून बिनपाटीची आहे. तिथली माणसं पत्ता सांगताना ‘बिनपाटीची गल्ली’ असंच सांगतात, आणि सामान पोचवणाऱ्यांना ती सगळ्यात लवकर सापडते.